शिकाऊची पावती कोण फाडणार?

आयटीआयचे निकाल लागले की आमच्या सांगली जिल्ह्यातल्या कुंडल-पलूस पट्ट्यातल्या पोरांचे फोन सुरू होतात. "दादा, फिटर पास झालोय, कारखान्यात कुठं चिकटता येईल का?" काही जण वडिलांना घेऊन घरीच येतात. वडील सोप्यात टेकतात, चहा घेतात आणि म्हणतात, "तुमच्या हाताखाली घ्या याला, एवढंच."

मी साखर कारखान्यात स्टीम फिटर आहे. बॉयलरमधून निघालेली वाफ ज्या पाइपांतून टर्बाइनकडं आणि पुढं रस उकळायला जाते, त्या लाइनी बसवणं, उघडणं, दुरुस्त करणं हे माझं काम. कुणाला कामावर घ्यायचं हे माझ्या हातात नाही. पण शिकाऊ म्हणून आत कसं जायचं, कधी जायचं आणि गेल्यावर कुणाला धरून राहायचं, हे मी सांगू शकतो, कारण मी त्याच वाटेनं आलोय. शिवाय यातलं एक बोलणं, शिकाऊला युनियनमध्ये घेण्याचं, पोरांपेक्षा आमच्या युनियनच्या मंडळींसाठी आहे. तेही इथंच लिहितो.

आमच्या घरात आधी कुणी कारखान्यात नव्हतं. ताकारी योजनेचं पाणी शिवारात आलं तसा ऊस आला, आणि उसाच्या मागोमाग कारखान्याशी संबंध आला तो वजनकाट्यापुरता. मी दहावीनंतर फिटर ट्रेड घेतला. दोन वर्षांचा कोर्स. वेल्डर एका वर्षात होतो म्हणून बरीच पोरं तिकडं वळतात, आणि वेल्डिंगला पैसाही बरा आहे. पण पाइपलाइनच्या कामाला फिटरचं डोकं लागतं. वेल्डर जोड मारतो. तो जोड कुठं, किती अंशात, कशाच्या आधारावर यायचा हे त्याच्याआधी फिटर ठरवतो. ज्याला दोन्ही येतं त्याला कुठंही मरण नाही.

आयटीआय झाल्यावर सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवायचं. आधार, मार्कलिस्ट, बँकेचं पासबुक एवढी कागदं लागतात. ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत. तेव्हा गेटवर "जागा नाही" म्हणाले तरी अर्ज करायचा सोडू नका. आयटीआय केलेल्या फिटरला साधारण वर्षभराची ॲप्रेंटिसशिप असते. शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. स्टायपेंड मिळतो तो थोडाच. त्यात घर चालत नाही, हे वडिलांनी आधीच समजून घ्यावं. करारावर सही केल्यावर त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. करारनाम्याचा नंबर नसेल, नुसतं "ये उद्यापासून" असेल, तर तो शिकाऊ नव्हे, तो स्वस्तातला हेल्पर.

आता कधी जायचं ते. शक्य असेल तर हंगाम संपता संपता आत शिरा. पोरांना वाटतं कारखाना चालू असताना बघायला जास्त मिळेल. मला उलट वाटतं. गाळप चालू असताना तुम्हाला दिसतं ते लाइनीवरचं ॲल्युमिनिअमचं पत्र्याचं वेष्टण, आत काय चाललंय ते कळत नाही. मार्च-एप्रिलला शेवटची मोळी गव्हाणीत गेली, बॉयलर थंड झाला, की सगळं उघडायला लागतं. व्हॉल्व्ह टेबलावर येतात. ट्रॅप, म्हणजे लाइनीतलं पाणी काढून टाकणारे भाग, खोलून रॉकेलमध्ये पडतात. पाइपाच्या आतली भिंत कुठं झिजली, कुठं फ्लँजचं, म्हणजे पाइप जोडायला टोकाला बसवलेल्या होलांच्या चकतीचं, तोंड वाफेनं कापलं गेलं, हे बोट फिरवून कळतं. वाफेनं कापलेली खाच एकदा बोटाला लागली की दोन फ्लँजांमध्ये गळती अडवायला घालतात त्या गॅस्केटचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागत नाही. दसऱ्याच्या आसपास बॉयलरचं अग्निप्रदीपन होईपर्यंत जे शिकाल ते पुढं वर्षानुवर्षं पुरतं.

माझे मिस्त्री जुने होते. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. सातवी शिकलेले, हेल्पर म्हणून लागलेले, आणि हातानं वर आलेले. त्यांनी मला सगळ्यात आधी पाना दिला नाही, पाणसळ दिली.

"ह्यो काय म्हणतोय ते ऐकायला शीक आधी," म्हणाले. पाणसळीतल्या बुडबुड्याबद्दल बोलत होते.

पाइपाच्या टोकाला फ्लँज बसवायची असते. फ्लँजला आठ होल आहेत असं धरा. नवखा पोरगा एक होल बरोबर माथ्यावर आणतो, कारण डोळ्याला ते सरळ दिसतं. लाइनीवर मात्र होल कधीच माथ्यावर घ्यायचं नसतं. माथ्याच्या डाव्या-उजव्या अंगाला सारख्या अंतरावर दोन होल यायला हवीत. व्हॉल्व्ह बनवणारा, पंप बनवणारा, टर्बाइन बनवणारा सगळे हाच रिवाज पाळतात. तुम्ही होल माथ्यावर घेतलं तर व्हॉल्व्ह जोडताना त्याचं चाक वाकडं तोंड करून बसतं, किंवा बोल्ट जातच नाहीत, आणि टाके मारलेली फ्लँज पुन्हा कापावी लागते. तात्या वरच्या दोन होलांत दोन बोल्ट सरकवायचे, त्यांच्यावर पाणसळ आडवी ठेवायचे आणि फ्लँज केसभर फिरवत राहायचे. बुडबुडा मधोमध थांबला की वेल्डरला नुसती मान हलवायची. वेल्डर टाका मारायचा. तात्या पुन्हा पाणसळ ठेवायचे, कारण टाक्यानं धातू ओढला जातो. मग समोरच्या बाजूला दुसरा टाका. मग गुण्या लावून फ्लँज पाइपाशी काटकोनात आहे का ते बघायचं. एवढं झाल्यावरच पूर्ण वेल्डिंग. आयटीआयत मला गुण्या, पाणसळ, ओळंबा ही तीन नावं पाठ होती. ती तिन्ही एका फ्लँजसाठी एकापाठोपाठ हातात येतात हे तिथं कळलं.

बोल्ट आवळायचे ते समोरासमोर. वरचा एक, मग खालचा, मग डावा, मग उजवा, आणि तेसुद्धा एका दमात पूर्ण आवळायचे नाहीत. दोन-तीन फेऱ्यांत. एका अंगानं आवळत गेलं तर गॅस्केट एका बाजूला चिरडते आणि दुसऱ्या बाजूला ढिली राहते. वाफ तिथूनच वाट काढते.

वाफेबद्दल थोडं सांगतो. एक लिटर पाण्याची साध्या हवेच्या दाबाला वाफ केली तर ती सोळाशे लिटरच्या वर जागा व्यापते. तीच आपण बॉयलरमध्ये कोंडून दाबाखाली ठेवतो. जुने बॉयलर २१, ३२ किलोचे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढ्या किलोच्या दाबाचे असायचे. आता वीजनिर्मितीसाठी ६७, ८७, ११० किलोचेही आलेत. चिपाड जाळून केलेली ही वाफ आधी टर्बाइन फिरवते, आणि तिथून दमून बाहेर पडलेली वाफ कमी दाबाच्या मोठ्या लाइनीतून रस आटवायला जाते. एकाच वाफेकडून दोनदा काम. साखर कारखान्याचं सगळं गणित या दोन लाइनींवर उभं आहे, आणि त्या दोन्ही लाइनी फिटरच्या हातून जातात.

जास्त दाबाची, चारशे अंशांच्या वर तापलेली वाफ गळायला लागली तर तोंडाशी ती दिसत नाही. दिसतो तो पुढं जाऊन थंड झालेला पांढरा ढग. गळती ढगाच्या आधी, मोकळ्या दिसणाऱ्या जागेत असते. म्हणून शिट्टीसारखा आवाज आला की हात पुढं करायचा नाही, लांब काठीला चिंधी बांधून ती पुढं धरायची. चिंधी फडफडली की जागा सापडली. शिकाऊ पोरांना मी पहिल्याच दिवशी हे सांगतो, बाकीचं नंतर.

पाइप तापला की लांब होतो हे पुस्तकात वाचलेलं असतं. दहा मीटरचा पोलादी पाइप चारशे अंशांनी तापला की पाच सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. बोटभर लांब. ही वाढ जायला जागा हवी, म्हणून लाइनीला मध्येच तो मोठा यू आकाराचा वळसा दिलेला असतो. गावाकडची माणसं कारखाना बघायला येतात तेव्हा विचारतात, "सरळ न्यायचा सोडून पाइप असा का फिरवलाय?" लाइन वाढते तेव्हा हा वळसा मिटतो, निवते तेव्हा उघडतो. लाइनीला आधार द्यायचा तोही सरकता. एखाद्यानं आधाराला पाइप घट्ट वेल्ड करून टाकला, तर वाढणारा पाइप कुठंतरी राग काढतोच. नाहीतर फ्लँज उघडते, नाहीतर आधारच उखडतो.

पण मला सगळ्यात जास्त जे शिकायला मिळालं ते लाइन चार्ज करताना. अग्निप्रदीपन झालं, बॉयलरला दाब आला, की वाफ लाइनीत सोडायची असते. थंड पाइपात गरम वाफ शिरली की तिचं लगेच पाणी होतं. ते पाणी तळाशी साचतं. मागून वाफ सेकंदाला २५-३० मीटरच्या वेगानं आली की हे पाणी गोळ्यासारखं उचलून पुढच्या बेंडवर आपटते. त्याला वॉटर हॅमर म्हणतात. व्हॉल्व्हचं बिडाचं अंग फुटतं, माणूस जवळ असला तर जिवावर बेततं. म्हणून लाइनीला वाफेच्या दिशेनं उतार द्यायचा, साधारण शंभराला एक. सखल जागी पाणी गोळा व्हायला पॉकेट करायचं आणि तिथं ट्रॅप बसवायचा, जो पाणी सोडतो आणि वाफ अडवतो. आणि चार्ज करताना मोठ्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. सगळे ड्रेन, म्हणजे साचलेलं पाणी काढायच्या तोट्या, उघडे ठेवायचे, बाजूचा छोटा बायपास अर्धा फेरा उघडायचा आणि थांबायचं.

हे थांबणं अवघड असतं. वर चीफ इंजिनिअर, खाली मिल हाऊसची माणसं, अड्ड्यावर उसाच्या गाड्यांची रांग, सगळे लाइनीकडं डोळे लावून. तात्या मात्र ड्रेनपाशी उकिडवे बसायचे. पहिल्यांदा गंजाचं तांबडं पाणी यायचं, मग पाणी-वाफ मिसळून थुंकल्यासारखं, मग हळूहळू कोरडी वाफ.

"तात्या, साहेब विचारतायत किती वेळ," मी जाऊन सांगितलं.

"साहेबांस्नी सांग, लाइन सांगंल तवा. हिकडं ये. कान लाव. टकटक येतीय का बघ."

पाइपाला टेकवलेल्या सळईच्या दुसऱ्या टोकाला मी कान लावला. आत कुठंतरी बारीक टकटक चालली होती.

"म्हंजे पाणी हाय अजून. बस गप."

टकटक थांबेपर्यंत त्यांनी मोठा व्हॉल्व्ह उघडू दिला नाही. कुणी आवाज चढवला तरी नाही. एवढ्या मोठ्या साहेबाला सातवी शिकलेला माणूस "थांबा" म्हणू शकतो याचं मला तेव्हा नवल वाटलं. मागाहून कळलं की त्या "थांबा"मागं दोन गोष्टी होत्या. एक, त्यांचं काम. आणि दुसरी, युनियन. सुरक्षेसाठी थांबलेल्या माणसाला नोटीस दिली तर उद्या सकाळी गेटवर सगळी शिफ्ट उभी राहील, हे साहेबांनाही ठाऊक होतं.

इथं मी मुद्द्यावर येतो.

१९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याच्या कलम १८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. मालकानं त्याला पुढं नोकरी द्यावी असंही बंधन नाही. त्यामुळं आमच्या युनियनमध्ये पद्धत अशी पडली की शिकाऊची पावती फाडायचीच नाही, म्हणजे वर्गणी घेऊन त्याला सभासद करायचंच नाही. गेट मीटिंग असली की शिकाऊ पोरं सायकल स्टँडच्या कडेला उभी. सरकार, कारखानदार आणि युनियन यांची पगारवाढीची त्रिपक्षीय बोलणी असोत, हंगामी कामगारांच्या रिटेन्शनचा, म्हणजे कारखाना बंद असतानाच्या भत्त्याचा प्रश्न असो, त्यांचा त्यात काही संबंध नाही असं धरलेलं. मीही तसाच कडेला उभा राहिलेलो आहे.

पण त्याच कायद्यात कलम १६ ही आहे. काम शिकताना शिकाऊला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. कारखान्यातल्या आरोग्य आणि सुरक्षेच्या कायदेशीर तरतुदीही त्याला लागू आहेत. हे मला कुणी वर्गात शिकवलं नाही. माझ्याबरोबरच्या एका पोराच्या पायावर गरम कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, उडालं, पोटरीची कातडी गेली. ऑफिसमधून उत्तर आलं, तो आपला कामगार नाही, घरी जाऊन बरा होऊ दे. तेव्हा युनियनचे सेक्रेटरी कायद्याचं पुस्तक घेऊन टाइम ऑफिसात गेले आणि कलमावर बोट ठेवून बसले. दवाखान्याचा खर्च मिळाला, रजेचा स्टायपेंडही मिळाला. त्या पोराच्या नावाची पावती नव्हती. सेक्रेटरींना जायची सक्ती नव्हती. ते गेले, कारण त्यांच्या दृष्टीनं बॉयलर हाऊसमध्ये भाजलेला पोरगा हा बॉयलर हाऊसचाच होता. मी कायम झालो त्या महिन्यात पहिली पावती फाडली ती हे बघितलेलं होतं म्हणून.

अमेरिका-कॅनडात स्टीम फिटरचा धंदा कसा शिकवतात ते मी वाचलंय. तिथं प्लंबर, पाइप फिटर, स्टीम फिटर यांची युनायटेड असोसिएशन नावाची संघटना १८८९ पासून आहे. तिची ॲप्रेंटिसशिप पाच वर्षांची. दिवसा कामावर मिस्त्रीच्या हाताखाली, आणि त्याच्या जोडीला युनियन आणि ठेकेदार मिळून चालवतात त्या शाळेत वर्ग. शिकाऊला पगार पूर्ण फिटरच्या पगाराच्या ठरावीक हिश्शानं सुरू होतो आणि टप्प्याटप्प्यानं वाढतो. आणि शिकाऊ हा युनियनचाच माणूस असतो. म्हणजे तिथं पोरगा "युनियनमध्ये लागतो" आणि युनियन त्याला कारागीर करते. त्यांचा कायदा वेगळा, उद्योग वेगळा, त्यांचं सगळं इथं उचलून आणता येणार नाही. साखरेचा धंदा हंगामी आहे, आमच्याकडं निम्मी माणसं हंगामी आहेत. पण शिकवणं ही युनियनची जबाबदारी आहे, एवढं तरी आपण घेऊ शकतो.

हे आताच का बोलतोय? कारण तात्यांच्या वयाचे मिस्त्री एकेक करून रिटायर झाले. त्यांच्या जागा बऱ्याच ठिकाणी भरल्याच नाहीत, ऑफ सीझनचं काम ठेकेदाराकडं गेलं. ठेकेदाराची माणसं येतात, लाइन जोडतात, जातात. त्यांच्या कामाला मी नावं ठेवत नाही, त्यातले काही फार चांगले फिटर आहेत. पण ती माणसं लाइन चार्ज होताना तिथं नसतात. उतार चुकलेला त्यांना कधी कळतच नाही. आणि शिकाऊ पोरगा मात्र ऑफ सीझनभर स्टोअरमधून बोल्ट आणायला आणि चिपाड झाडायला. वर्ष संपतं, प्रमाणपत्र मिळतं, पण सळईला कान लावून काय ऐकायचं हे त्याला माहीत नसतं. पुढं तो गुजरातेत दहेज-जामनगरच्या साइटवर किंवा आखातात जातो, तिथं त्याला पाइपफिटर म्हणून उभं करतात. मला त्या पोराची काळजी वाटते.

हा मुलूख प्रतिसरकारचा. १९४३ पासून कुंडलच्या माणसांनी स्वतःची न्यायालयं चालवली, स्वतःचा बंदोबस्त केला. कुणी परवानगी देईल याची वाट बघत बसले नाहीत. शिकाऊ पोरांना शिकवायला आम्हाला तरी कुणाची परवानगी लागते?

यंदाच्या वार्षिक सभेसाठी मी ठराव लिहून दिलाय. कायद्यानं शिकाऊ कामगार नसला तरी युनियननं त्याचं नाव वहीत घ्यावं, सहयोगी म्हणून. वर्गणी नाममात्र. प्रत्येक शिकाऊ एका मिस्त्रीच्या नावावर असावा, म्हणजे पोरगं दिवसभर काय करतंय हे विचारायला कुणीतरी राहील. आणि ऑफ सीझनला रविवारी सकाळी युनियनच्या ऑफिसात वर्ग भरावा. कार्यकारिणीतल्या दोघा-तिघांनी आधीच हरकत घेतली आहे. त्यांचं म्हणणं, पोरं वर्षभरात जाणार, कायम होणार नाहीत, मग त्यांच्यासाठी युनियननं वेळ का घालवायचा. हरकत अगदीच चुकीची नाही, युनियनकडं माणसं कमी आणि प्रश्न जास्त आहेत. माझं उत्तर एवढंच की जे पोरगं आपल्या हाताखाली शिकून जातं ते उद्या ठेकेदाराचं माणूस म्हणून याच गेटातून परत येतं. त्या वेळी ते आपलं असावं की परकं, हे आत्ता ठरतं. शिवाय त्यातली चार जरी कायम झाली तरी पुढचे मिस्त्री तीच आहेत.

ठराव मंजूर होवो न होवो, वर्ग आम्ही सुरू करतोय. आमच्याच कारखान्यातला शिकाऊ हवा असं काही नाही, वाळवा, पलूस, कडेगाव, तासगाव कुठलाही आयटीआयचा पोरगा चालेल, मुलगीही चालेल. येताना पाणसळ आणि फूटपट्टी आणा, पायात बूट हवेतच, चप्पल घालून आलात तर बाहेर बसवीन. तात्यांना विचारायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. गुडघे दुखतात, पण येतो म्हणाले. मी म्हणत होतो पहिल्या रविवारी उतार आणि ट्रॅप घेऊ. ते म्हणाले, "आधी गॅस्केट कापायला बसव. हात बसल्याबिगार डोकं बसत न्हाई." तेव्हा पहिला वर्ग गॅस्केटचा.